काढ्याची पुडी आणि आण्णांचा पाय

(कोरडवाहू शेतकऱ्यांच्या कोल्हापूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोल्हापुरात बसून कोणी साखरेवर बोलायला उभा राहिला की लोकांना वाटते, आता उसाचा दर निघणार. आज त्यातले काही निघणार नाही. तुम्ही जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढ्याकडून आला आहात. काही जण कापसाची वेचणी घरच्यांवर टाकून पार बीड-परभणीकडून आला आहात. आपल्यापैकी बहुतेकांच्या रानात उसाचे कांडे नाही. तरी साखर आपल्या घरात शिरली आहे. ती रक्तातली साखर. तिच्यावर आज बोलायचे आहे.

मी डॉक्टर नाही. इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकलो, काही वर्षे खते-बियाण्यांत काढली आणि मग चळवळीत आलो. तेव्हा ज्याला जी गोळी चालू आहे ती मी बदलणार नाही. पण वनस्पतीत काय असते, ते कसे काढतात, कसे मोजतात आणि मोजले नाही तर काय होते, हे मी शिकलेलो आहे. आणि जे शिकलो होतो ते ऐन वेळी विसरलो, म्हणून माझ्या घरात एक पाय गेला. त्याची हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

आधी रोग किती पसरला आहे ते बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर मोठी पाहणी केली, तिचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता, आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसे उंबरठ्यावर उभी होती. लगेच कोणी म्हणेल, हे शहरातल्या ढेरपोट्यांचे. आम्ही उन्हात राबतो, भाकरी खातो, आमच्या बरगड्या मोजून घ्या.

याचे उत्तर आपल्या पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास चालवला. आपली बाळे जन्मतः सरासरी २ किलो ७०० ग्रॅमची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण कमी पडलेले वजन हे हाडामांसाचे होते. चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. बाहेरून किडकिडीत, आतून चरबीचे, असे हे शरीर असते. आईच्या पोटातल्या उपासमारीने त्याची जडणघडण तशी झालेली असते. म्हणून बारीक माणसाला मधुमेह होत नाही हा समज सोडून द्या. दुष्काळात जन्मलेल्या माणसाला चार पैसे आल्यावर, ट्रॅक्टर आल्यावर, चहा दिवसातून सहा वेळा झाल्यावर तो गाठतो.

ठिबकची नळी

साखर वाढली म्हणून माणूस लगेच मरत नाही. म्हणूनच तो तिला मोजत नाही. मधुमेहाचा खरा मार रक्तवाहिन्यांवर असतो.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे पटकन कळेल. विहिरीचे पाणी क्षाराचे असले तर नळी पहिल्या वर्षी फुटत नाही. आतून क्षार धरत जातो, आणि एक दिवस शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही. रक्तवाहिनीचे तसेच काहीसे होते, पण एक फरक आहे. रक्तवाहिनी ही जिवंत नळी आहे. तिला आतून एक नाजूक अस्तर असते. साखर सतत जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते, अस्तर दुखावते, नळी सैल सोडणारा वायू तिथे कमी तयार होतो. दुखावलेल्या अस्तराखाली वाईट कोलेस्टेरॉल शिरते, त्याला खायला पांढऱ्या पेशी धावतात, त्या तिथेच भरून मरतात, आणि अस्तराखाली गाठ धरते. रक्तदाब वर असला, तंबाखू-मिसरी चालू असली की हे काम दुप्पट वेगाने होते. ती गाठ हृदयात फुटली तर झटका, मेंदूत अडली तर लकवा, पायात अडली तर बोट काळे पडते. मधुमेह असणाऱ्याला झटक्याचा धोका नसणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतो.

आता आण्णांकडे येतो.

आण्णा माझे थोरले चुलते. चौदा एकर कोरडवाहू रान. शाळू, तूर आणि पावसाने साथ दिली तर कापूस. बावन्नाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या, एक साखरेची, एक रक्तदाबाची, एक कोलेस्टेरॉलची. दोन वर्षे त्यांनी त्या नेमाने घेतल्या. मग २०११ च्या उन्हाळ्यात बाजारच्या दिवशी त्यांना एक पुडीवाला भेटला. सात झाडांचा पाला, मुळापासून रोग काढतो, गोळ्या बंद. आण्णांनी घरी येऊन मला फोन केला. म्हणाले, "तू शेतकीचा शिकलेला. सांग, घेऊ का?"

मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवते. मी म्हणालो, "घ्या की. झाडपालाच आहे, त्याने काय नुकसान होणार?"

आठ महिने त्यांनी पुडी घेतली आणि गोळ्या सोडल्या. अंगाला काही जाणवत नव्हते, म्हणून मोजले नाही. शाळूची काढणी झालेल्या रानातून अनवाणी जाताना पायात धसकट शिरले. ते त्यांना कळलेच नाही, कारण तळपायाची जाणीव केव्हाच गेली होती. काकूंना चादरीवर डाग दिसला तेव्हा चौथा दिवस होता. जखम भरेना, कारण तिथे रक्तच पोहोचत नव्हते. आधी दोन बोटे गेली, मग गुडघ्याखाली पाय. आण्णांनी मला आजपर्यंत एका शब्दाने बोल लावलेला नाही, पण मी स्वतःला लावला आहे. पुडीवाल्याने फसवले हे खरे, पण त्याच्या पुडीवर शिक्का मारला तो माझ्या पदवीने.

झाडात औषध असते का? असते.

तेव्हापासून मी या विषयाचे मिळेल ते वाचत आलो. पहिली गोष्ट कळली ती अशी की, झाडात औषध असते, हे पुडीवाल्याचे म्हणणे खोटे नाही.

आज मधुमेहाची जी जुनी, स्वस्त गोळी आहे, मेटफॉर्मिन, तिचे मूळ एका तणात आहे. युरोपात गॅलेगा नावाचे झुडूप उगवते. ते आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातले. जुन्या काळी तिकडचे लोक ते औषधी म्हणून वापरत. पण हेच तण चरायला मिळाले की मेंढरे मरत. त्यात गॅलेजिन नावाचे द्रव्य आहे. ते साखर उतरवते आणि विषारीही आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या घडणीवरून त्याची सौम्य भावंडे प्रयोगशाळेत बनवली. त्यातले मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये तयार झाले, १९५७ साली पॅरिसच्या डॉ. ज्याँ स्टर्न यांनी ते माणसांना देऊन पाहिल्याचे प्रसिद्ध केले. आणि १९९८ साली इंग्लंडच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. वजन जास्त असलेल्या मधुमेहींत, फक्त पथ्य सांभाळणाऱ्यांच्या तुलनेत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके ३९ टक्क्यांनी कमी आले. तणापासून तिथपर्यंत यायला एवढी वर्षे लागली.

दुसरे उदाहरण सफरचंदाच्या झाडाचे. १८३५ साली त्याच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू द्रव्य काढले गेले. १८८६ साली जर्मनीत दिसले की ते दिल्यावर लघवीतून साखर बाहेर पडते. पण ते पोटात टिकत नाही, जुलाब लावते. त्याच्या घडणीवरून बेतलेल्या गोळ्या आपल्या काळात आल्या. त्यातल्या एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. आधीच हृदयरोग असलेल्या सात हजारांवर मधुमेहींत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. तिचे पेटंट आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये संपले. जिच्या एका गोळीला ६० रुपयांच्या आसपास पडत होते, तिच्या जातीच्या गोळ्या त्यानंतर १५ रुपयांच्या आत मिळू लागल्या. मक्तेदारी उठली की भाव कुठे येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरे, कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन. तिचा उगम झाडात नाही, बुरशीत आहे. जपानचे अकिरा एंडो, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी सहा हजारांच्या आसपास बुरश्या तपासल्या. १९७३ साली त्यांना हवे ते द्रव्य मिळाले ते तांदळावर वाढलेल्या एका निळसर बुरशीत. आपण ज्या बुरशीने धान्य खराब झाले म्हणून कपाळाला हात लावतो, तिच्यातून हे औषध निघाले. त्याच घराण्यातली अॅटोर्वास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी २००४ सालच्या चाचणीत, आधी हृदयरोग नसलेल्या २८३८ मधुमेहींना देऊन पाहिली. झटका, लकवा असे मोठे घात ३७ टक्क्यांनी घटले.

चौथे उदाहरण उलटे आहे, म्हणून ते मुद्दाम सांगतो. अॅस्पिरिनची कुळी विलो झाडाच्या सालीची. रक्त गोठू देत नाही, म्हणून पुष्कळ लोक ती आपल्या मनाने रोज घेतात. २०१८ साली पंधरा हजारांवर मधुमेहींची चाचणी झाली, ज्यांना आधी हृदयरोग नव्हता. झटके आणि लकवे १२ टक्के कमी झाले, पण मोठे रक्तस्राव २९ टक्के वाढले. म्हणजे ज्याला आधी झटका आला आहे त्याला ती तारते, आणि ज्याला आलेला नाही त्याला सरसकट देण्यात शहाणपण नाही. चाचणी औषध कोणाला द्यावे हे सांगते, तसेच कोणाला देऊ नये हेही सांगते. पुडीवाला दुसरे कधीच सांगत नाही. त्याची पुडी सगळ्यांनाच चालते.

लिंबाचा पाला आणि निंबोळी अर्क

हे सगळे आपल्याला नवे आहे का? बोंडअळीवर आपण निंबोळी अर्क मारतो. कसा मारतो? पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवायची, गाळायची, साबणाचे पाणी घालायचे आणि एकंदर शंभर लिटर करायचे. तेव्हा पाच टक्के अर्क होतो. लिंबाचा पाला बांधावर पसरून कोणी म्हणत नाही की फवारणी झाली. निंबोळी जुनी, बुरशी लागलेली असली तर अर्क चालत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे अळीच्या बाबतीत आपण मात्रा मागतो, वेळ मागतो, कामगंध सापळ्यातले पतंग मोजतो. आपल्या स्वतःच्या आईबापाच्या बाबतीत मात्र "झाडपालाच आहे" एवढ्यावर आपले समाधान होते. अळीला जेवढा हिशेब लावतो तेवढा तरी माणसाला लावावा.

आणखी एक हिशेब कापूसवाल्यांना लगेच कळेल. पाते लागले म्हणजे कापूस घरात आला असे आपण धरत नाही. पाते गळते, फूल गळते, बोंड किडते. उत्पन्न ठरते ते वेचणीनंतर काट्यावर. औषधांचेही तसेच. रक्तातली साखर थोडी उतरली, कोलेस्टेरॉल थोडे घटले, नळी थोडी मऊ झाली, ही झाली पाती. किती झटके टळले, किती पाय वाचले, किती माणसे जगली, ही झाली वेचणी. मेटफॉर्मिन, स्टॅटिन यांची वेचणी झालेली आहे, हजारो माणसांवर, वर्षानुवर्षे. वनस्पतींच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी आजवर फक्त पाती मोजलेली आहेत. काही ठिकाणी पाती चांगली लागली आहेत, हे मी आनंदाने सांगतो. पण पात्यांवर कर्ज काढू नका.

आपल्या रानातले काय?

आता आपल्या पिकांकडे या.

जवस. आपल्या आज्या शाळूच्या कडेने, हरभऱ्यात जवसाच्या चार ओळी टाकत. खलबत्त्यात भाजून कुटलेली जवसाची चटणी आणि भाकरी, हे आपल्याकडचे रोजचे जेवण. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ जातीचे स्निग्ध आम्ल असते. कॅनडात २०१३ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पायाच्या रक्तवाहिन्या आकसलेले ११० रुग्ण होते, म्हणजे आण्णांसारखेच. निम्म्यांना रोज ३० ग्रॅम दळलेले जवस अन्नातून दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे पण जवस नसलेले अन्न. सहा महिन्यांनी जवसवाल्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी होता. ही पाती भरघोस आहेत. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्या रुग्णांनी आपल्या गोळ्या सोडलेल्या नव्हत्या. आणि जवस दळलेले होते. अख्खा दाणा जसा जातो तसाच बाहेर पडतो. चटणी करा, भाजून कुटा, पण मीठ हात राखून घाला. मिठाने रक्तदाब चढवायचा आणि जवसाने उतरवायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर एवढे जवस रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मेथी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. आर. डी. शर्मा यांनी १९९० साली मेथीदाण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. मधुमेहींची उपाशीपोटीची साखर उतरली, वाईट कोलेस्टेरॉलही उतरले. मेथीदाण्यातला बुळबुळीत चोथा पोटात साखर आणि पित्त धरून ठेवतो, हे त्यामागचे एक कारण. पण मात्रा ऐका. दिवसाला १०० ग्रॅम, तेल काढलेली पूड. पुढे कमी मात्रेवरही प्रयोग झाले. आपण सकाळी चिमूटभर दाणे भिजवून गिळतो आणि जिलबीला हात घालतो. ती मेथी नाही, ते पापक्षालन आहे.

हळद. इथून सांगली तासाभराच्या वाटेवर, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हळदीतले पिवळे द्रव्य कर्क्युमिन. थायलंडमध्ये २०१२ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० माणसांची चाचणी झाली. नऊ महिन्यांत साध्या पुड्या घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही. त्याच गटाने २०१४ साली २४० मधुमेहींत रक्तवाहिन्यांचा ताठरपणा मोजला, तो सहा महिन्यांत कमी झालेला दिसला. ही पण पाती आहेत, झटके कोणी मोजले नाहीत. शिवाय मात्रा दिवसाला दीड ग्रॅम शुद्ध द्रव्याची. हळकुंडात ते साधारण तीन टक्के. म्हणजे दीड ग्रॅमसाठी पन्नास ग्रॅम हळद रोज. आमटीतली चिमूट तिथपर्यंत कशी पोहोचणार? आमटीत हळद जरूर घाला. पण दुधात हळद घातली म्हणून गोळी बंद करू नका. आणि अर्काच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने खाऊ नका, त्यांनी काही जणांची यकृते बिघडलेली नोंदली गेली आहेत.

आता आपली भाकरी. गहू आणि तांदूळ पोटात जाऊन जेवढ्या वेगाने साखर होतात, त्या मानाने ज्वारी सावकाश उतरते. तिच्यात शंभर ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. मालदांडी ३५-१ हा वाण आपल्या मोहोळचा, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. याचा अभिमान धराच. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये ६८ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते. दोन भाकरींच्या जागी चार खाल्ल्या तर ज्वारी असली तरी साखर चढणारच. भाकरी कमी, उसळ आणि भाजी जास्त. शाळू विकून रेशनचा पांढरा तांदूळ खाण्यापेक्षा दोन पोती घरी ठेवणे बरे. एवढेच ज्वारीचे औषधीपण.

पुडीचा बाजार

कोणी म्हणेल, हा परदेशी चाचण्यांचे गोडवे गातो, आपल्या वैद्यांना काय कळत नव्हते? कळत होते. रोगाचे मधुमेह हे नावच त्यांनी ठेवले. मी वैद्यकाच्या विरुद्ध नाही, न मोजण्याच्या विरुद्ध आहे. हळदीचीच गोष्ट घ्या. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानात टाकले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशावर रद्द झाले? आमच्या आजीला माहीत होते एवढे म्हणून भागले नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवावा लागला. लिहून ठेवलेले, तपासलेले होते म्हणून आपण जिंकलो. पुडीवाल्याकडून आपण तेवढाच कागद मागायचा आहे.

तो देत नाही. पुडीत काय आहे, किती आहे, हे तिच्यावर लिहिलेले नसते. देशोदेशी अशा पुड्या तपासल्या, तेव्हा काहींत साखर उतरवणाऱ्या आधुनिक गोळ्यांचीच भुकटी मिसळलेली सापडली. म्हणून तर आठ दिवसांत गुण येतो! मात्रा माहीत नाही, वर आपली गोळीही चालू, आणि साखर एकदम खाली गेली तर माणूस रात्रीतून बेशुद्ध पडतो.

यात उत्पादक म्हणून आपलाही संबंध आहे. आपले जवस, मेथी, हळद बाजारात मातीमोल जाते आणि शहरात डबीत भरून आरोग्याच्या नावाने कितीतरी पटींनी विकले जाते. हमीभावाच्या यादीत करडई आहे, जवस नाही. आपण डबी भरून विकू नये असे मी म्हणत नाही, जरूर विकावी. पण तिच्यावर "मधुमेह बरा करते" असे लिहायचे नाही. स्वच्छ, निवडलेले, या तारखेला दळलेले जवस, एवढे लिहा. खोटे लिहून विकले तर त्या पुडीवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? ज्याला आपण भावात फसवू देत नाही, त्याला जिवात फसवू नये.

गावी जाऊन काय करायचे

पहिले, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने साखर आणि रक्तदाब मोजून घ्यायचा. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका असे मी वीस वर्षे सांगत आलो, तोच नियम इथे. ज्याला मधुमेह आहे त्याने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, कोलेस्टेरॉल आणि लघवीतले प्रथिन डॉक्टरांना विचारून करून घ्यायचे.

दुसरे, मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हव्यात. संपल्या म्हणून परत पाठवले तर एकटे परत येऊ नका. दहा जण मिळून नोंदवहीत लिहून या. खतासाठी रांग लावतो, तशी यासाठी लावा.

तिसरे, पाय. रोज रात्री तळपाय बघायचा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी बघायचा. धसकटाच्या रानात अनवाणी जायचे नाही. चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल, जखम भरत नसेल, तर बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचे. तंबाखू, मिसरी, विडी बंद. यापेक्षा स्वस्त औषध माझ्या माहितीत नाही.

चौथे, कोणी पुडी, काढा, कॅप्सूल देऊ लागला तर तीनच प्रश्न विचारायचे. यात कोणते द्रव्य किती आहे? किती माणसांवर, किती दिवस तपासले? माझी गोळी बंद करायला सांगतोस ते लिहून देशील का? तिसऱ्या प्रश्नाला तो पिशवी उचलतो. आणि काढा घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

पाचवे, जवस परत पेरा. आधी घरापुरते, चार ओळी. चटणी ताटात येऊ द्या आणि गोळी खिशात राहू द्या. दोघांचे भांडण लावणाऱ्याला दारात उभे करू नका.

आण्णा आता घरीच असतात. जयपूर फूट बसवला आहे, अंगणापुरते चालतात. गोळ्या वेळेवर घेतात. यंदा त्यांच्या सांगण्यावरून आम्ही शाळूच्या कडेने जवस टाकले. निळी फुले आली तेव्हा मी त्यांना बांधापर्यंत हाताला धरून नेले. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे आधी खाल्ले असते तर पाय राहिला असता काय रे?"

मी त्यांना खरे ते सांगितले. म्हणालो, "आण्णा, नुसत्या याने राहिला असता असे मी म्हणणार नाही. गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर राहण्याची शक्यता पुष्कळ होती. आणि त्या बंद करायला मी हो म्हणालो होतो."

त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग हे लोकांना सांग."

म्हणून सांगितले.